जाला ओढणाऱ्या आपा

सकीनाआपा कापडाकडे पाठ करून काम करायच्या. आठव्या वर्षी त्या हिमरूच्या मागावर बसल्या आणि छप्पन्नाव्या वर्षी उतरल्या. एवढ्या काळात आपण उठवलेलं फूल उमटताना त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं.

हे ऐकताना विचित्र वाटेल, म्हणून आधी तो माग सांगते. हिमरू म्हणजे सुती ताण्यावर, मागावर ताणलेल्या उभ्या धाग्यांवर, रेशमी धाग्यांची फुलं उठवलेलं, जाडसर पण हाताला मऊ लागणारं कापड. जुन्या मागावर त्याला दोन माणसं लागत. एक खाली खड्ड्यात पाय सोडून धोटा टाकणारा विणकर. दुसरं माणूस मागाच्या वर आडव्या फळीवर. त्याच्यापुढे छतापासून ताण्यापर्यंत दोऱ्यांचा दाट पडदा बांधलेला असे. त्याला 'जाला' म्हणत. वरच्यानं जाल्यातल्या नेमक्या दोऱ्या ओढल्या की खाली ताण्याचे नेमके धागे उचलले जात आणि त्या फटीतून विणकर रंगीत धागा घाली. फुलाचा आकार जो काही असे तो त्या दोऱ्यांत बांधलेला असे आणि कुठली दोरी केव्हा ओढायची ते वरच्याच्या डोक्यात. नवाबपुऱ्यातल्या त्यांच्या घरातली मागाची खोली अरुंद होती. फळी भिंतीकडे तोंड करूनच बसवता येत होती. त्यामुळे आपांपुढे दोऱ्या आणि भिंत, आणि पाठीमागे खाली त्यांचा धाकटा भाऊ युसुफभाई आणि कापड.

मी पहिल्यांदा त्या घरात गेले ती सर्वेक्षणाचे फॉर्म घेऊन. आमची संस्था शहरातल्या कारागिरांसाठी नुकतीच कामाला लागली होती. मी सव्वीस वर्षांची, समाजकार्याची पदवी घेतलेली, खांद्याला झोळी. युसुफभाईंनी माग थांबवला, खड्ड्यातून वर आले, चहा सांगितला. मी त्यांचं नाव, वय, शिक्षण, व्यवसायाची वर्षं सगळं लिहून घेतलं. फॉर्मवर 'कारागीर' आणि 'मदतनीस' असे दोन रकाने होते. वर फळीवर एक बाई भिंतीकडे तोंड करून तशीच बसून होती. मी विचारलं, "या कोण?"

"आपा है. बडी बहन," युसुफभाई म्हणाले. "त्या दोऱ्या ओढतात."

मी मदतनीस या रकान्यात एक आकडा घातला.

चहा आला तेव्हा आपा खाली उतरल्या. स्टीलचा ग्लास, काठोकाठ उकळता चहा. मी ओढणीच्या टोकात धरून फुंकर घालत होते. आपांनी तो ग्लास सरळ बोटांत धरला आणि प्यायला सुरुवात केली.

"आपा, भाजत नाही?"

"बोटास्नी कळंना झालंय," त्या म्हणाल्या. "लई वर्षं झाली. दोऱ्यांनी खाल्लं सगळं." त्यांनी बोटं पुढे केली. दोन्ही हातांच्या मधल्या बोटांवर आडव्या, गुळगुळीत, चकचकीत खाचा होत्या. मी हात लावून बघितला. कातडं खुरासारखं लागलं. "चिमटा काढ," त्या म्हणाल्या. मी काढला नाही.

युसुफभाईंशी त्या दखनीत बोलायच्या, माझ्याशी मराठीत. आवाज एका पट्टीत. राग, कौतुक, तक्रार काहीही असलं तरी पट्टी बदलायची नाही. पहिल्या दिवशी मला 'बाई' म्हणाल्या, पुढे 'नंदाबाई' आणि वर्षभरानं नुसतं 'नंदा'. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "पुढचं धर." जाला ओढताना एखादी दोरी चुकली तर थांबता येत नाही, थांबलं की ताणा सैल पडतो, म्हणून लहानपणी वडील खालून ओरडायचे, पुढचं धर. ते वाक्य आपांनी सगळ्यालाच लावलं होतं. दूध नासलं, पुढचं धर. माझी बस चुकली, पुढचं धर. युसुफभाईंची बायको गेली तेव्हा मी भेटायला गेले. तेव्हाही रडणाऱ्या भावाच्या पाठीवर हात ठेवून त्या हेच म्हणाल्या, दखनीत.

त्या मागावर कशा बसल्या ते त्यांनीच मला सांगितलं. हैदराबाद संस्थानात पोलीस ॲक्शन झाली त्या वर्षी त्या आठ वर्षांच्या होत्या. घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही आणि दिवसाही दाराला कडी असायची, एवढंच त्यांना आठवत होतं. वडिलांकडे जाला ओढायला एक पगारी माणूस होता. तो एके दिवशी आला नाही. पुन्हा कधीच आला नाही. हैदराबादला गेला म्हणत, आणखी कुठे गेला म्हणत. मागावर एका लग्नाच्या शेरवानीचं कापड अर्धं चढलेलं होतं. वडिलांनी मुलीला उचलून फळीवर बसवलं.

"पाय पोचत नव्हते खाली कुठं," आपा म्हणाल्या. "अब्बानं उशी बांधली पाठीला. म्हणले, हे कापड उतरंपर्यंत बस."

त्यानंतर शेरवान्या घालणारेच कमी झाले. वडिलांनी शाली विणायला घेतल्या, पलंगपोस घेतले, लेणी बघायला येणाऱ्या लोकांसाठी रुमाल घेतले. पगारी माणूस ठेवणं कधी जमलं नाही. आपा वर बसून राहिल्या. वडिलांनंतर खड्ड्यात युसुफभाई उतरले.

आमच्या संस्थेनं त्या घरासाठी जे केलं ते वाईट होतं असं मी म्हणणार नाही. युसुफभाईंच्या सूनबाईला, रेहानाला, आम्ही धंद्याचं प्रशिक्षण दिलं. मालाला किंमत कशी लावायची, गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं, प्रदर्शनात मांडणी कशी करायची. ती हुशार होती, सहा महिन्यांत आम्हालाच प्रश्न विचारायला लागली. आम्ही तिला दिल्लीच्या मेळ्याला पाठवलं. तिथून ऑर्डरी आल्या. ऑर्डरी पुऱ्या करायच्या तर जुना माग पुरेना. दिवसाला वीतभर कापड निघायचं. मग मी अहवाल लिहिला. जाला काढून तिथे जॅकार्ड बसवावं, म्हणजे भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेनं धागे आपोआप उचलणारं यंत्र. 'दुसऱ्या व्यक्तीचे श्रम वाचतील' असं वाक्य त्यात होतं. अहवाल मंजूर झाला. यंत्र मार्चच्या आत बसवायचं होतं.

छत बुटकं होतं. जॅकार्ड मागाच्या डोक्यावर बसतं आणि तिथे जाला होता. यंत्र घेऊन टेम्पो गल्लीच्या तोंडाशी आला त्या सकाळी युसुफभाई आपांना म्हणाले, "आपा, ये निकालना पडता."

आपा फळीवरच बसल्या होत्या. त्या माझ्याकडे वळल्या. "समदंच?"

"हो आपा," मी म्हणाले. "सगळंच काढावं लागेल."

त्यांनी कात्री मागितली. मिस्त्री म्हणाला, मी कापतो, पाच मिनिटांचं काम आहे. आपांनी नाही म्हणून मान हलवली. त्या स्वतः कापत बसल्या. एकेक झुबका डाव्या हातात धरायचा, वरून कापायचा, खालून सोडवायचा, बाजूला ठेवायचा. अर्धा दिवस गेला. मिस्त्री बाहेर विड्या ओढत बसला. मी आधीचे फोटो काढून घेतले होते, नंतरचे काढायचे होते, म्हणून थांबले. दुपारी त्या फळीवरून उतरल्या आणि मिस्त्रीनं फळीही काढली. कापलेल्या दोऱ्यांचे आपांनी बोळे केले आणि मोरीत ठेवले, भांडी घासायला.

मग त्या खोलीच्या मध्ये उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "आता मी कुठं बसू?"

मला वाटलं त्या जागेबद्दल विचारतायत. मी म्हणाले, "आता तुम्ही आराम करायचा, आपा."

त्या नंतर बरेच दिवस सकाळी माग सुरू झाला की खोलीत येऊन उभ्या राहायच्या, असं मला रेहानानं सांगितलं. यंत्र खटखट चालायचं. आपा दारापाशी उभ्या, दोन्ही हात पोटाशी, बोटं हलतायत. युसुफभाई एकदा चिडून म्हणाले, यहाँ खडे नक्को रहो आपा, नजर लगती. तेव्हापासून त्या यायच्या बंद झाल्या.

मी अहवालात लिहिलं होतं की श्रम वाचलेल्या व्यक्तीला पर्यायी काम दिलं जाईल. ते आम्ही दिलं. शालींच्या टोकांना गोंडे बांधण्याचा वर्ग सुरू केला, बारा बायकांचा, आणि आपांना त्यावर शिक्षिका नेमलं. आपांना बोटांनी धागा कळत नव्हता. त्या गोंडा डोळ्यांनी बांधायच्या, अगदी जवळ धरून. तरी त्यांचे गोंडे सगळ्यांत सारखे यायचे. शिकणाऱ्या पोरी त्यांना भ्यायच्या नाहीत. कुणाचं चुकलं की आपा उसवून परत द्यायच्या, बोलायच्या काही नाहीत. एका पोरीनं विचारलं, "आपा, तुम्ही कधी हसत का नाही?" आपांनी जरा विचार केला. "सवय नाय लागली," म्हणाल्या.

तो वर्ग चांगला चालला म्हणून सिल्लोडला तसाच काढायचं ठरलं. आपांना घेऊन मी एसटीनं गेले. फुलंब्री गेल्यावर दोन्हीकडे कापूस फुटलेला दिसायला लागला. आपा खिडकीशी बसल्या होत्या. सिल्लोडची पहिली घरं दिसली तेव्हा त्या म्हणाल्या, "हितं माझं लगीन झालतं."

मला माहीत नव्हतं. त्या घरात तीन वर्षं जात होते, वर्गाच्या शिक्षिकेच्या फॉर्मवर त्यांच्या नावापुढे 'अविवाहित' मीच लिहिलं होतं.

"केव्हा, आपा?"

"सतरा-अठराची व्हते. चार महिने राह्यले."

"मग?"

"मग अब्बा आले. माग बंद पडलता. जाला धरायला कुनी मिळंना. सासऱ्याला म्हणले, आठ दिवसांसाठी धाडा." बस थांबली होती, लोक उतरत होते. आपांनी पिशवी उचलली. "ते आठ दिवस अजून चालूच हायेत."

"आणि ते? तुमचे…"

"दुसरी केली त्यानं. काय करणार? चांगला व्हता माणूस. मला साखरेची चहा द्यायचा स्वतः करून."

मी विचारलं, घर बघायचंय का लांबून? त्या म्हणाल्या, नक्को. पुढचं धर. त्या दिवशी त्यांनी सिल्लोडच्या पंधरा बायकांना गोंड्याची पहिली गाठ शिकवली. परतीच्या बसमध्ये झोपून गेल्या. मी जागी होते. मला वाईट वाटायला हवं होतं, पण काहीच वाटत नव्हतं. मी हजेरीचा कागद काढला आणि सह्या मोजल्या.

पुढची गोष्ट हैदराबादहून आलेल्या एका वृद्ध गृहस्थांची. ते मूळचे इथलेच. स्वतःच्या लग्नातली शेरवानी त्यांनी जपून ठेवली होती आणि नातवाच्या लग्नासाठी तसंच कापड विणून हवं होतं. दिल्लीच्या मेळ्यातली रेहानाची ओळख. तिच्यासाठी ही मोठी ऑर्डर होती. हे जमलं तर पुढे त्यांच्या ओळखीच्या कुटुंबांमधली बरीच कामं येणार होती. आमच्या संस्थेनं पुण्याचा एक डिझायनर बोलावला. तरुण, मेहनती मुलगा. त्यानं शेरवानीचं फूल भिंगातून बघून चौकटीच्या कागदावर उतरवलं, पुठ्ठ्यांना भोकं पाडून आणली. विणायला घेतलं तर फूल जुळेना. एका फुलाची वेल दुसऱ्याच्या देठाला मिळायची तिथे दोन धाग्यांनी सरकायची. त्यानं पुन्हा मोजलं. पुन्हा पुठ्ठे पाडले. पुन्हा तेच. तीन आठवडे गेले, गृहस्थांचे फोन सुरू झाले. रेहाना जेवेनाशी झाली.

एका दुपारी आम्ही सगळे मागापाशी शेरवानी पसरून बसलो होतो. आपा मोरीतून हात पुसत आल्या. त्यांनी शेरवानीचा घेर उचलला आणि उलटा केला. कापडाची सुलट बाजू त्यांनी बघितलीच नाही. उलट बाजूचे सुटे धागे डोळ्यांपाशी धरून त्या सरकत गेल्या, एका जागी थांबल्या.

"हे अब्बांचं हाय," त्या म्हणाल्या. "हितं मी चुकलेली."

कुणालाच कळलं नाही. आपांनी डिझायनरला बोलावलं, बोट ठेवलं. "हितं बघ पोरा. चार धरायच्या तिथं मी सहा धरल्या. पहिलाच आठवडा व्हता माझा. अब्बा खालून ओरडले पुढचं धर, म्हणून राह्यलं ते तसंच." मग त्यांनी घेर आणखी सरकवला. "ह्याच्या पुढचं फूल घे. ते बरोबर हाय. तू माझी चूक उतरवून घेतलीस."

डिझायनर भिंग घेऊन वाकला. बराच वेळ मोजत राहिला. मग हळूच म्हणाला, "बरोबर आहे." संबंध घेरात एकाच फुलात ती चूक होती आणि नेमकं तेच फूल सर्वांत कमी झिजलेलं म्हणून त्यानं निवडलं होतं.

आपांनी त्या दिवशी भिंतीपाशी बसून ते फूल पहिल्या दोरीपासून शेवटच्या दोरीपर्यंत तोंडानं सांगितलं. धर, सोड, दोन सोडून धर. डोळे मिटलेले, हात हवेत नाही, मांडीवर. डिझायनर लिहून घेत होता. सांगून झाल्यावर त्या उठल्या. युसुफभाई तोपर्यंत मागाच्या काठाला टेकून उभे होते. त्यांनी सरकून आपांना वाट दिली. आपा शेरवानीकडे एकदा वळल्या, ती सुलट केली आणि त्या फुलावरून तळवा फिरवला. "लालच व्हतं व्हय," म्हणाल्या. "मला वाटायचं हिरवं असंल."

कापड झालं. नातवाचं लग्न झालं. रेहानाला पुढची कामं मिळाली. आज त्या घरात सहा माग आहेत, लेण्यांच्या रस्त्यावर दुकान आहे, रेहानाची मुलगी इंजिनियर झाली. हे सगळं खरं आहे आणि आमच्या संस्थेच्या माहितीपत्रकात ते छापलेलं आहे.

त्या प्रसंगानंतर आम्हाला जाग आली. आपांना कारागीर म्हणून सरकारी ओळखपत्र मिळावं, पुढे मानधन मिळावं, यासाठी मी अर्ज भरला. तपासणीला एक साहेब आले. भला माणूस होता, घाईत होता. खुर्चीवर बसून म्हणाला, "चला आजी, दाखवा तुमचं काम."

आपा उभ्या होत्या. मागावर जॅकार्ड होतं. त्यांनी वर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"काय दाखवू? कापलं की ते."

मी साहेबांना समजावून सांगितलं, जाला काय होता, शेरवानीचं काय झालं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "मॅडम, माझ्यासमोर काम व्हायला पाहिजे. आत्ता या काय करतात?" मी म्हणाले, गोंडे. "मग ते दाखवा ना." आपांनी खाली बसून एक गोंडा बांधून दाखवला. साहेबांनी फोटो काढला.

दोन महिन्यांनी ओळखपत्र आलं. सकीना बी, कारागीर, व्यवसाय: झालर व गोंडे. मी ते द्यायला गेले तेव्हा मला वाटेत दोनदा परत फिरावंसं वाटलं. आपांनी ते कार्ड डोळ्यांपाशी नेलं.

"फोटो चांगला आलाय," म्हणाल्या.

त्यानंतर माझी बदली ग्रामीण विभागात झाली आणि जाणं कमी झालं. ईदेला जायचे. कधी मध्येच शहागंजच्या बाजूला काम निघालं तर जायचे. दर वेळी आपा थोड्या लहान झालेल्या दिसायच्या. मग एके दिवशी रेहानाचा फोन आला की आपांच्या उजव्या अंगावरून वारं गेलंय. सरकारी दवाखान्यात आठ दिवस ठेवून घरी आणलं होतं.

मी गेले तेव्हा त्या खाटेवर होत्या. पलीकडच्या खोलीत माग चालू होते. उजवा हात चादरीवर ठेवलेला, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा. बोलणं जड झालं होतं पण कळत होतं. मी खिमटी भरवली. त्यांनी चार घास घेतले. रेहाना दुकानात गेली होती, त्या खोलीत आम्ही दोघीच.

मला काय झालं माहीत नाही. मी दहा-बारा वर्षं जे कुणाशी बोलले नव्हते ते बोलून टाकलं. "आपा, तो जाला काढायचा अहवाल मी लिहिला होता. युसुफभाईंनी नाही. संस्थेनं पण आपणहून नाही. मी."

"माहितीये," आपा म्हणाल्या. "रेहानानं वाचून दाखवलं व्हतं."

"केव्हा?"

"तवाच. टेम्पो यायच्या आधी."

वाटी हातात धरून मी बसून राहिले. आपा छताकडे बघत होत्या.

"चांगलं झालं त्यानं," त्या सावकाश म्हणाल्या. एकेक शब्दाला वेळ लागत होता. "युसुफ रिक्षा चालवणार व्हता. पोरगी शिकली. तू नसतीस आली तर हे नसतं झालं. मी काय, आज ना उद्या उतरलेच असते."

"तरी आपा…"

"पण मला एकदा इचारायचं, नंदा."

"काय आपा?"

"काढू का म्हणून. युसुफला इचारलं. मिस्त्रीला इचारलं. मला नाय इचारलं कुनी." त्या थांबल्या. श्वास घेतला. "मी व्हय म्हणले असते. काढा म्हणले असते. पण इचारायला पायजे व्हतं. आयुष्यात एकदा. अब्बानं नाय इचारलं बसवताना, नाय इचारलं सिल्लोडवरून आणताना. तू शिकलेली. मला वाटलं तू इचारशील."

हे त्यांनी त्याच पट्टीत सांगितलं. त्यात राग असता तर मला बरं वाटलं असतं. मी त्यांचं तोंड पुसलं, पाणी दिलं, चादर नीट केली. माफी मागावी असं डोक्यात आलं, पण मागितली नाही. थोड्या वेळानं त्यांना झोप लागली. मी वाटी धुऊन ठेवली आणि रिक्षा करून घरी आले. घरी येऊन भाजी निवडली.

त्या त्यानंतर तीन आठवड्यांनी गेल्या.

रेहानाचा फोन आला तेव्हा मी बिडकीनच्या पुढे एका गावात होते. गोधड्या शिवणाऱ्या बायकांचा गट होता. हातशिलाईला वेळ लागतो म्हणून संस्थेनं त्यांना शिलाई मशीन द्यायचं ठरवलं होतं, मंदिरापुढच्या ओट्यावर मशीनं मांडून ठेवली होती, हार आणले होते, सरपंच यायचे होते. मी माइकपाशी उभी होते. फोन बाजूला जाऊन घेतला. रेहाना म्हणाली, "दीदी, आपा गुजर गयीं. अस्रच्या नमाजनंतर मिट्टी आहे." मी म्हणाले, येते. फोन पर्समध्ये ठेवला, परत माइकपाशी आले आणि जे वाक्य अर्धं राहिलं होतं ते पूर्ण केलं. या यंत्रांमुळे आपले श्रम वाचतील, असं काहीतरी होतं ते.

वाक्य संपलं आणि मला पुढचं आठवेना. रडूही येत नव्हतं. समोर तीस-पस्तीस बायका बसलेल्या, डोक्यावरून पदर. पहिल्या रांगेत एक सत्तरीची बाई होती. तिची गोधडी मी सकाळी बघितली होती, टाके मोहरीएवढे. मी माइक बाजूला ठेवला, ओट्यावरून उतरले आणि तिच्यापुढे बसले.

"मावशी, तुम्हाला ही मशीन पाहिजे का?"

ती गोंधळली. शेजारणीकडे बघितलं, मशीनकडे बघितलं, मागे उभ्या असलेल्या मुलाकडे बघितलं. "आता तुमी आणल्यात म्हंजी…"

"आम्ही आणल्यात ते राहू द्या. तुम्हाला पाहिजे का, ते मी विचारतेय."

बाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. मग ती माझ्याकडे जरा वाकली आणि बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली,

"नको म्हणलं तर चालतंय का, बाई?"